मेहकरचा मुद्देमाल

"या वेळी तोंड सांभाळ," ताईने अमरावतीच्या स्टेशनावर बजावले. माझ्या जिभेपायी तिच्या वसंताचे एक स्थळ आधीच मोडले होते. आता भाच्यासाठी मेहकरच्या वकिलांची मुलगी पाहायला मी एकटाच निघालो होतो.

खामगावला आगगाडी सोडून मोटार धरली. श्रावणातल्या चिखलात ती रुतली आणि ढकलता ढकलता माझे धोतर काळ्या मातीने माखले.

मेहकरला वकीलसाहेबांनी प्रेमाने जेवू घातले. भाकर, ठेचा, वर दह्याची वाटी. मुलगी हसरी, हुशार. मला तर लगेच पसंत पडली. पण होकार द्यायचा मान वकिलांच्या थोरल्या भावाचा, आणि ते दादासाहेब लोणारहून संध्याकाळी यायचे होते. तोवर वकिलांनी मला परसात फिरवले.

उकिरड्याच्या कडेला कुत्र्याची छत्री (भूछत्र) उगवली होती. पांढरी, लांबट, अंगभर कुरळ्या झिपऱ्या. मला राहवले नाही.

"याला इंग्रज लोक वकिलाचा टोप म्हणतात."

वकिलांचा चेहरा उतरला. "उकिरड्यावरच्या वस्तूले वकिलाचं नाव? काऊन?"

विलायतेत वकील कोर्टात पांढऱ्या कुरळ्या केसांचा टोप घालतात, ही छत्री तशी दिसते म्हणून, असे मी घाईघाईने सांगितले. त्यांना पटेना. मेहकरच्या कोर्टात सगळे फेटे-पगड्यांचे. असा टोप त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

"दादाले येऊ द्या. हा टोप आहे का टवाळी, तेच ठरवतीन." एवढे बोलून त्यांनी छत्री उपटली, पितळी डब्यात ठेवली आणि वकिली सवयीने झाकणावर लाखेची मोहोर मारली. हेही स्थळ गेले, आता ताईला काय तोंड दाखवू?

दिवेलागणीला दादासाहेब आले. पाय धुऊन बैठकीवर बसले, भावाची तक्रार ऐकली आणि मोहोर फोडली. आत टोप नव्हताच. छत्री विरघळून तळाशी काळीभोर शाई झाली होती, तिच्यात एक देठ. मी शाळेत शिकवतो त्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात या छत्रीला शाईची टोपी असेही नाव होते. ते का, हे मला तेव्हा कळले.

दादासाहेबांनी डब्यात पाहिले, मग भावाकडे.

"दुपारी माल वकिलाच्या ताब्यात गेला, अन् संध्याकाळी नुसती शाई उरली. मंग नावात काय खोटं हाय बे?"

दाराआडून वकिलीणबाई हसल्या. मग वकीलही.

"मास्तर, पोरगी देली तुमच्या भाच्याले," दादासाहेब म्हणाले. "या वकिलाले तोंडावर बोलणारा एक तरी सोयरा पायजेच होता."

परतीच्या मोटारीत मी आनंदाने एकटाच हसत होतो. घरी पोचताच ताईला सगळे जसेच्या तसे सांगितले.

"काहीतरीच सांगतोस," ती म्हणाली. त्या दिवशी भाऊ गप्प बसला म्हणून लग्न जमले, असे ती आजही सगळ्यांना सांगते.