वाघजाईशी धरलेला अबोला

देवाशी अबोला धरता येतो का, असं मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, का नाही, मी चांगला धरला होता. माझ्या माहेरची देवी वाघजाई. मावळातून कोकणात उतरणाऱ्या एका जुन्या पायवाटेच्या माथ्यावर ती बसलेली आहे. देऊळ नाही, कळस नाही, शेंदूर फासलेली एक शिळा आणि तिच्यासमोर दगडांची मोठी रास. आमच्याकडची रीत अशी की घाट चढणाऱ्याने पायथ्याच्या ओढ्यातून एक दगड उचलायचा, सगळी चढण तो सोबत वागवायचा, आणि वर आल्यावर त्या राशीवर तीनदा ठोकून मग ठेवायचा. ठोकायचा कशाला, तर बाईला कळावं म्हणून, की आलं गं तुझं लेकरू सुखरूप. वाघजाईला आमच्यात सगळे नुसतं ‘बाई’च म्हणतात. लहानपणी कोकणातल्या मावशीकडून परतताना आईच्या मागोमाग मी असे कितीतरी दगड वर नेले असतील.

लग्न होऊन मी कार्ल्याला आले तरी बाई सुटली नव्हती. मालकांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा तर मी अनवाणी घाट चढले होते. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. म्हटलं, ह्यांना उठव, मी तुझ्यापुढे पितळेची घंटा बांधीन. ते उठले नाहीत. त्यांचं दिवसपाणी आटोपल्यावर मी माहेरी गेले, वहिनीने बाईला जायचं विचारलं, आणि मी सरळ सांगितलं की तिचं माझं संपलं. देव्हाऱ्यातला दिवा सून लावायची. मी त्या खोलीत पाऊल टाकत नव्हते. लोक म्हणायचे दुःखाने असं होतं. दुःख होतंच, पण मला राग आला होता, भयंकर राग, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

शमा माझी मैत्रीण. वराळ्याच्या एका कारखान्यात आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं पॅकिंगला काम केलं. कंपनीच्या बसमध्ये ती लोणावळ्याला बसायची आणि कार्ला फाट्यावर मी चढेपर्यंत खिडकीजवळची जागा ओढणी टाकून धरून ठेवायची. त्या जागेसाठी तिने किती जणींशी भांडणं केली असतील, देव जाणे. दोघी एकदमच निवृत्त झालो. घर मला खायला उठत होतं. एक दिवस शमा आली आणि म्हणाली, चल, जग बघून येऊ. सहलवाल्या कंपनीबरोबर नको, पाठीवर सॅक टाकून, बसने, रेल्वेने, मनाला येईल तसं. तिच्या लेकीने परदेशी पोरी अशा हिंडताना मोबाइलवर दाखवल्या होत्या. मला वाटलं ही चेष्टा करतेय. पण तिने पासपोर्टच काढायला लावला. आमच्या आळीत काय गहजब झाला! माझी नणंद म्हणाली, काशीला जायच्या वयात ह्या बँकॉकला निघाल्या. शेजारचे भाऊ आम्हाला सॅक बांधून चालायचा सराव करताना बघायचे आणि म्हणायचे, निघालं का विंचवाचं बिऱ्हाड?

गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून बसने नेपाळ, तिथून विमानाने बँकॉक, मग लाओस, मग व्हिएतनाम, असे आम्ही कित्येक महिने फिरलो. नेपाळात एका खिंडीत पहिल्यांदा मला ती रास दिसली. तश्शीच. दगडावर दगड, वर फडफडणाऱ्या रंगीत पताका. मी थबकले. शमाने विचारलं म्हणून तिला आमच्या बाईची रीत सांगितली, ओढ्यातला दगड, तीनदा ठोकणं, सगळं. मग म्हटलं, चल पुढे, मी काही ठेवणार नाही. शमा खाली वाकली. दोन दगड उचलले, एकेक तीनदा ठोकून राशीवर ठेवले. मी चिडून विचारलं, हे काय, तुला कशाला हे उपद्व्याप? ती म्हणाली, “पूजा नाही करत मी. वाटेला सलाम करते. एक माझा, एक तुझा. तुझं भांडण मिटलं की सांग, मग तुझा तू ठेव.”

त्यानंतर तिने एक घाटमाथा सोडला नाही. लाओसमध्ये अशा राशी नव्हत्या, तर रस्त्याकडेच्या एखाद्या झाडाच्या बुंध्याशी ठेवायची. बस चहाला थांबली की ही निघाली दगड शोधायला. मी खिडकीतून ओरडायचे की बस सुटेल, ड्रायव्हर हॉर्न मारायचा, आणि ही ठोक ठोक ठोक करून सावकाश यायची. मला राग यायचा आणि आतून कुठेतरी बरंही वाटायचं. मी ज्याच्याकडे पाठ फिरवली होती, ते माझ्या वतीने कुणीतरी सांभाळत होतं.

हनोईहून विमानाने मुंबईला उतरलो तेव्हा भाद्रपद संपत आला होता. गाडीत बसलो असतो तर दुपारच्या जेवणाला घरी. पण शमाला हुक्की आली. म्हणाली, सगळ्या जगाचे डोंगर चढलो, तुझ्या माहेरचा घाट तेवढा मी बघितलेला नाही. कर्जतला उतरू आणि पायी वर जाऊ. मी नको नको म्हटलं, पण खरं सांगते, मलाही तो घाट आठवत होता. पायथ्याच्या गावात त्या रात्री राहिलो आणि सकाळी चढायला लागलो. शमाला साखरेचा आजार. चढण सोपी जावी म्हणून तिच्या सॅकमधलं जड ते मी माझ्या सॅकमध्ये घेतलं, आणि त्यातच तिचा खाण्याचा डबाही आला. ओढ्यापाशी तिने नेहमीप्रमाणे दोन दगड उचललेले मी पाहिले.

पाऊस ओसरला होता पण रान माजलं होतं. गवत कमरेएवढं, कारवी डोक्याएवढी, पायवाट मधूनच दिसायची, मधूनच गडप. माथा जवळ आल्यावर शमा दम खायला टेकली. मला म्हणाली, तू पुढे होऊन बघ बरं, ती रास आलीच का, मी येते मागून. हाकेच्या अंतरावर तर होती रास. मी वर पोचले, वळून पाहिलं, आणि पाठीमागे काही उरलंच नव्हतं. कोकणातून धुकं असं उसळून वर आलं होतं की माझा स्वतःचा हात मला धड दिसेना. मी थांबले. शमा येईना. हाका मारल्या. धुक्यात हाक पुढे जातच नाही, उशीत तोंड खुपसून ओरडल्यासारखं होतं. चाचपडत मागे गेले. ती टेकली होती त्या दगडाशी तिची काठी पडलेली होती. शमा नव्हती.

त्या वाटेच्या एका अंगाला सरळ कडा आहे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तिने सकाळी औषध घेतलं होतं आणि नाश्त्याला दोनच घास खाल्ले होते. साखर उतरली की तिला घाम सुटतो, मग भोवळ येते. गोड काहीतरी पोटात जायला हवं, आणि ते सगळं माझ्या पाठीवर. मोबाइलला रेंज नाही. गाव गाठायला निघावं तर तिला इथे टाकून जायचं, आणि थांबावं तर करायचं काय? मी परत राशीपाशी आले आणि बाईपुढे उभी राहून भांडले. हो, भांडलेच. म्हटलं, एक नेलास तो पुरला नाही का? सगळा मुलूख फिरून हिला सुखरूप आणली मी, आणि तू दारात बसून हिला घेतेस? ही बाई वाटभर तुझं करत आली, मी नाही केलं. राग काढायचा तर माझ्यावर काढ. बोलता बोलता रडू फुटलं. ते गेले तेव्हाही मी अशी रडले नव्हते.

रडून झाल्यावर काय करावं ते सुचेना, म्हणून सॅकमध्ये शिट्टी शोधायला लागले. शिट्टी काही मिळाली नाही. बाजूच्या कप्प्यात हाताला एक दगड लागला. गार, गोल, ओढ्यातला. माझ्या वाट्याचा दगड तिने ह्या वेळी स्वतःजवळ ठेवला नव्हता. माहेरचा घाट म्हणून गुपचूप माझ्या सॅकमध्ये सरकवला होता, आणि तो सगळी चढण मीच वाहून आणला होता. मी तो मुठीत धरला. मग जमिनीवर डोकं टेकवलं आणि म्हटलं, बाई, मला काही कळत नाही, माझ्या हातात काही नाही, तुला काय करायचं ते कर. ह्या वेळी नवस बोलले नाही. घंटा कबूल केली नाही. दगड उचलला आणि राशीवर ठोकला, एकदा, दोनदा, तीनदा.

आणि उत्तर आलं. डावीकडून, खालच्या अंगाने, हलकंच पण स्पष्ट, ठोक, ठोक, ठोक. मी पुन्हा ठोकला. पुन्हा आलं. माझा समज असा की शमा वाट चुकली असेल तर उजवीकडच्या पठाराकडे गेली असेल, कारण डावीकडे वाटच नाही. एकटी असते तर मी उजवीकडेच धावले असते. आता मी तिची काठी घेतली, पुढची जमीन चाचपत, दर काही पावलांवर थांबून खडकावर दगड ठोकत डावीकडे उतरले. प्रत्येक वेळी समोरून उत्तर येत होतं. कारवीच्या दाटीतून बाहेर आले तर खाली दोन पुरुष खोल एका कपारीत शमाची तांबडी ओढणी दिसली. ती दोन्ही हातांनी कारवीचे बुंधे धरून बसली होती. तोंडाला कोरड पडलेली, चेहरा घामाने डबडबलेला, पण शुद्धीवर होती. मला बघून तिने डोळे मिटून घेतले.

डब्यातल्या गुळपोळीचा तुकडा सॅकमधल्या साडीच्या टोकाला बांधून खाली सोडला, तो तिने हात न सोडता कसाबसा तोंडानेच ओढून घेतला. पण तिला वर ओढून घेणं माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, “कोन हाय तितं? बाईला येवढ्यांदा कशापायी उठवताय?” धनगरवाड्यावरचे एक आबा होते, खांद्यावर घोंगडी, हातात म्हशीचं दावं. त्यांची एक म्हैस दुपारी हुकली म्हणून घरी पोचलेले पुन्हा रानात आले होते. दगड ठोकल्याचा आवाज थांबेचना म्हणून इकडे वळले होते. म्हणाले, “म्हनलं, एकदा ठोकून जात्यात लोकं. हे कोन लय येळ ठोकतंय, बघावं तरी.” त्यांनी दावं झाडाला बांधलं, स्वतः खाली उतरले, आणि आम्ही दोघांनी शमाला घोंगडीत घेऊन वर काढली. गुडघा पिळवटला होता, बाकी खरचटलं होतं. गुरांच्या वाटेला पायवाट समजून ती वळली आणि ओल्या गवतावरून घसरली. दोन हात पुढे गेली असती तर कडाच होता.

वाड्यावर तिला गरम दूध पाजलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मी म्हटलं, शमे, तू दगड ठोकत राहिलीस म्हणून सापडलीस. ती म्हणाली, “मी कुठे ठोकला? हात सोडला असता तर मीच गेले असते ना खाली. मी तुझाच ऐकत होते.” तिच्या वाट्याचा दगड तिच्या खिशात तसाच होता. आबांना विचारलं, तर त्यांनीही ठोकला नव्हता. समोरच्या कड्यावरून माझाच आवाज फिरून येत असेल. असेलही. हाक का फिरून आली नाही, ते मला सांगता येत नाही, आणि मी कुणाशी त्यावर वादही घालत नाही. आबा म्हणाले, “बाईनं वाट दावली म्हना, न्हाईतर डोंगरानं. तुमी पोचला न्हवं?” त्यांची म्हैस मात्र आधीच गोठ्यात येऊन उभी होती.

कार्ल्याला पोचलो तेव्हा सुनेने दारात आम्हा दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं, आणि शमा म्हणाली, तुमच्याकडे घरात शिरायलाही किती वेळ लागतो गं. त्या रात्री कितीतरी दिवसांनी देव्हाऱ्यापुढे दिवा मी लावला. ह्यांना का नेलंस, ह्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पूर्वी मी ते उत्तर मिळेपर्यंत बाईशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. आता वाटतं, उत्तर नसलं तरी बोलणं चालू राहू शकतं. मला बाईकडून काहीतरी हवं होतं तेव्हा मी घंटा देऊ केली होती. काहीच देण्यासारखं उरलं नाही तेव्हा हातात एक दगड होता, आणि तोही माझा नव्हता, मैत्रिणीने माझ्यासाठी उचललेला होता. बाई, तुझे उपकार आणि तिचे उपकार मला वेगळे करता येत नाहीत.

शमाचा गुडघा आता तिला घाट चढू देत नाही. माहेरच्या माणसांना सोबत घेऊन मी जाते, हळूहळू, थांबत थांबत. ओढ्यापाशी वाकून दोन दगड उचलते. वर पोचले की आधी एक ठोकून ठेवते आणि सांगते, बाई, हा शमाचा, ती घरी भात टाकून माझी वाट बघतेय. मग माझा.