भागीदार आपा

माझ्या वेल्डिंगच्या दुकानातलं भंगार भंगारवाला महिन्याला उचलून नेतो. आपाच्या कॉलेजातल्या कमिटीचे किस्से मात्र कुणी नेत नाही. नुसते साठत चाललेत!

आपा, माझी थोरली बहीण, साताऱ्याला एम.ए.ला होती. विद्यार्थी आणि प्राध्यापक मिळून नवा कोर्स बनवणार अशी कमिटी निघाली, आणि आपा त्यात विद्यार्थी भागीदार! मी नववी नापास, तिला वडूजहून गाडीवर नेणारा. पहिल्या मीटिंगला अध्यक्ष सर खूश होऊन म्हणाले, "या भागीदार! तेवढ्या खुर्च्या लावून घ्या."

आपानं लावल्या. अध्यक्षांच्या शेजारची स्वतःला ठेवली!

*

"विद्यार्थ्यांचं मत अमूल्य आहे," सर म्हणाले, "चहानंतर घेऊ." चहा आला, वडे आले. वडे संपले, मीटिंगही संपली.

गाडीवर आपा म्हणाली, "वडे तेवढे एकमतानं संपले रं!"

*

आपानं कोर्ससाठी एक धडा तयार केला. प्रत्येकानं आपल्या गावच्या विहिरींचं पाणी मोजून यायचं.

"मोजायचं कसं?" सरांनी विचारलं.

मी मागं बसलो होतो. राहवलं नाही. "आवं सर, सोपं हाय. दोरीला दगड बांधून सोडायचा."

"याला संदर्भ काय?"

आपा म्हणाली, "लिहा सर. माझा भाऊ."

*

मीटिंगचं इतिवृत्त आदल्या दिवशीच टाइप व्हायचं. आपानं एकदा ते टेबलावर वाचलं. 'सविस्तर चर्चेअंती एकमताने मंजूर.'

"सर, चर्चा अजून व्हायची आहे!"

"अगं, टाइपिस्ट उद्या रजेवर आहे."

*

विहिरींचा धडा काढून टाकायचा विषय तीनदा आला. तीनदा सगळ्यांचे हात वर, आपाचा मांडीवर. एकमत होईना, म्हणून दरवेळी विषय पुढं ढकलला.

"एका हातानं काय अडतंय तुझं?" सर चिडले.

"माझं न्हाई सर. तुमचं अडतंय."

*

पावसाळ्यात आपाला डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी गेली. तिचं हेल्मेट अजून गाडीला लटकवून फिरतोय मी. कमिटीतलं एकही माणूस मातीला आलं नाही. लय बिझी मंडळी!

महिन्यानं पत्र आलं, सोबत मीटिंगचं इतिवृत्त. अम्मी म्हणाली, "काय लिवलंय, वाच की."

मी बोट ठेवून वाचायला लागलो.

'विषय एक. विद्यार्थी प्रतिनिधी कु. मुलाणी यांच्या दुःखद निधनाबद्दल दोन मिनिटे मौन पाळण्यात आले.

विषय दोन. विहिरींचा धडा वगळणे. सविस्तर चर्चेअंती एकमताने मंजूर. अनुमोदक, कु. मुलाणी.'