हाकललेल्यांची आघाडी

कवळीताईने एकदा कोणावर दात धरला की तो सुटत नाही, हे तिच्या धाकट्या भावाला लहानपणापासून ठाऊक होतं. तरीही त्याने करायचं ते केलं.

ती कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यामागे तिची अरुंद खोली होती. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, आणि भिंतीच्या फळीवर प्लॅस्टरचे जबडे. तिने लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायची, "दिवसभर इतकी तोंडं बघते, घरी आणखी एक कशाला?"

धाकटा मोटार शिकवण्याचा वर्ग चालवायचा. एकदा पाय मोडून तो घरी पडला आणि त्याच्या कुरकुरीने भावजय रडकुंडीला आली. तेव्हा ताईनेच त्याच्या फोनवर एक खेळ घालून दिला. जगभरातली माणसं त्यात एकेक राष्ट्र चालवतात. शेतं लावायची, कारखाने काढायचे, सैन्य पोसायचं. एकट्यादुकट्या राष्ट्राला कोणीही लुटतं, म्हणून राष्ट्रं मिळून आघाडी करतात. दोघा भावंडांनीही आणखी काही राष्ट्रं जमवून केली. नाव ठेवलं 'अभेद्य'. नियमांची सनद ताईने लिहिली, तह ताईने जुळवले, प्रमुख मात्र धाकटा झाला. तिला त्याचं काही वाटलं नाही. लहानपणीही पतंग ती बनवायची आणि उडवायचा तो.

मग ताईच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशनला जाण्याआधी तिने आपलं राष्ट्र झोपवलं. खेळात तशी सोय आहे. झोपलेलं राष्ट्र काही करू शकत नाही, पण आघाडीत असेपर्यंत त्याला कोणी हातही लावू शकत नाही.

"लक्ष ठेव रे," ती म्हणाली.

"तू बिनघोर जा, ताई. मी आहे ना."

शुद्धीवर आल्यावर तिने आधी पाणी मागितलं, मग फोन. राजधानीची राख झाली होती. कारखाने गेले, कोठारं रिकामी. आघाडीच्या रकान्यात काहीच नव्हतं. टाक्यांवर ताण येईल म्हणून नर्सने तिला हसायला मनाई केली होती. रडण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी धाकटा संत्री घेऊन आला.

"एका मोठ्या आघाडीने धमकी दिली होती गं. तुमच्यातलं एक श्रीमंत राष्ट्र आम्हाला द्या, नाहीतर सगळ्यांना चिरडतो. मग एकाला बाहेर काढणं आलंच."

"म्हणून मला?"

"तू तशीही झोपलेलीच होतीस ना." त्याने संत्रं सोललं. "खेळच आहे तो. मनाला लावून घेऊ नकोस."

ताईने त्याच्या हातातली फोड घेतली, बियांसकट खाल्ली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, किती गुणाची भावंडं!

घरी आल्यावर सगळ्यांना वाटलं, ती खेळ सोडेल. तिने राख झाडली नाही, शहरं बांधली नाहीत. ती हाकललेली राष्ट्रं शोधत सुटली. खेळात अशांना कोणी दारात उभं करत नाही. एका आघाडीने काढलं म्हणजे काहीतरी खोट असणार, असं दुसरी धरून चालते. ताईने त्यांना एकेक करून गाठलं. एक बोटीवरचा निवृत्त वायरलेसवाला होता. एक रसायनशास्त्राची मास्तरीण होती, तिला परीक्षांच्या दिवसांत फिरकली नाही म्हणून काढलं होतं. ताई प्रत्येकाला एकच विचारायची, "तुम्हाला काढलं तेव्हा तुम्ही जागे होता का?"

नवी आघाडी काढायला सात राष्ट्रं लागतात. सहा जमली. सातव्यासाठी तिने दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना धरलं.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कळायचं काय त्यात? बाकीचं मी बघते."

"लढायला लावणार नसाल तर येते. मला फक्त राजवाडा बांधायचाय. गच्चीवर बाग असलेला."

"बांधा. पण तो पाडायला कोणी आलं, तर मला लढू द्या."

आघाडीचं नाव ठेवलं 'हाकललेले'. सनदेत एकच कलम होतं: झोपलेल्याला बाहेर काढायचं नाही. इतरांच्या सनदा पानंच्या पानं चालतात. ही एवढीशी सनद खेळाच्या चौकात, जिथे सगळ्यांना सगळं दिसतं तिथे, लागली आणि अर्ज येऊ लागले. लोकांना वाटलं, किती दयाळू बाई आहे. सूड घ्यायला निघाली आहे हे एकट्या वायरलेसवाल्याने ओळखलं.

"कोणाला बुडवायचंय, बाई?"

"सख्ख्या भावाला."

"मग मी आहेच," तो म्हणाला. त्यालाही भाऊ होता.

अर्जांमध्ये एक अगदी नवं राष्ट्र होतं. ताईने त्याचा नकाशा उघडला. नवखा माणूस आधी शेतं लावतो. याने एकाही शेताआधी तीन बंदरं बांधली होती, आणि जहाज एकही नव्हतं. ताईच्या हातातली मेणाची सुरी थांबली. बंदरांची ही हौस तिने वर्षानुवर्षं पाहिली होती. धाकट्याला नकाशावर निळा रंग आवडायचा, बस.

तिने त्या राष्ट्राला निरोप धाडला, "बंदरं छान. जहाजं कुठायत?"

उत्तर आलं, "येतील की!"

हेच उत्तर तिने त्याच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. ती इतकी हसली की डॉक्टरीणबाई पेशंटला आ वासलेला सोडून बघायला आल्या.

एका माणसाला एकच राष्ट्र, असा खेळाचा नियम. तक्रार केली असती तर धाकट्याची दोन्ही राष्ट्रं पुसली गेली असती. पण ते काम खेळ चालवणाऱ्यांनी केलं असतं. ताईला ते स्वतःच्या हाताने करायचं होतं.

तिने हेराला आत घेतलं. त्याचं कौतुक केलं. बंदरांची इतकी जाण दुसऱ्या कोणाला नाही म्हणाली आणि त्याला आरमारप्रमुख केलं. तो फुलून गेला. मग तिने त्याच्या कानात सांगितलं, "अभेद्यवर चाल करायची आहे. सगळं समुद्रावरून. तोंडातून चकार शब्द काढू नका."

धाकट्याने आपलं सगळं सैन्य किनाऱ्यावर नेलं.

इकडे ताईने 'अभेद्य'मधल्या बाकीच्यांना गुपचूप पत्र लिहिलं: आम्हाला तुमचा प्रमुख तेवढा हवा. स्वस्थ बसाल तर तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही. ते स्वस्थ बसले. त्यांनी झोपलेल्या बाईला बाहेर फेकताना पाहिलं होतं. उद्या आपलीही पाळी येईल, एवढं गणित कोणालाही येतं.

खेळातला दिवस सकाळी बदलतो, दवाखाना उघडायच्या सुमाराला. दिवसाला हल्ला एकच, पण दिवस बदलण्याच्या जरा आधी एकदा आणि बदलल्यावर लगेच एकदा, असा दोनदा हल्ला करता येतो. 'हाकललेले' डोंगराकडून उतरले. किनाऱ्यावरच्या सैन्याला मागे वळायलाही उसंत मिळाली नाही. ताई एका हाताने प्लॅस्टर कालवत होती, दुसऱ्या हाताच्या बोटाने हुकूम देत होती. प्लॅस्टरने फोन पांढरा झाला. राजधानी पडली, मग कारखाने, मग कोठारं. तिने स्वतःसाठी काही लुटलं नाही. सगळं जाळलं. डॉक्टरीणबाईंचा राजवाडा शाबूत होता.

दुपारी धाकटा खोलीत आला. हेल्मेट हातातच होतं.

"झालं समाधान?"

"बस. त्या जबड्यांना धक्का लावू नकोस."

"इतकं कोणी करतं का, ताई? सख्ख्या भावाला?"

"खेळच आहे तो."

त्याने हेल्मेट खाली ठेवलं. मग चाचरत म्हणाला, "सगळं गेलं माझं."

"सगळं कुठे? तीन बंदरं आहेत की."

त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"घाबरू नकोस. तक्रार करणार नाही. पहिलं राष्ट्र आजच्या आज बंद कर. दुसरं माझ्या आघाडीत आहे, त्याला कोणी हात लावणार नाही. झोपलास तरी नाही. तसं कलमच आहे." तिने मेणावरून सुरी फिरवली. "आरमारप्रमुखपद मात्र गेलं. साधा शिपाई म्हणून रहायचं. मी सांगेन ते करायचं."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर खेळ सोड. दार उघडं आहे."

त्याने दाराकडे पाहिलं. उठला नाही. त्या खेळावाचून त्याला करमायचं नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

"काय करू?" त्याने विचारलं.

"पहिलं राष्ट्र बंद करण्याआधी चौकात लिही. मला का काढलंस ते. स्वतःच्या नावाने."

त्याने फोन काढला. अंगठ्याने सावकाश लिहिलं आणि तिच्यापुढे धरलं. ताईने चष्मा कपाळावर सारून वाचलं: नाइलाजाने बहिणीला बाहेर काढावं लागलं.

"नाइलाजाने, हे खोड."

"अगं, पण खरंच..."

"त्यांना एक श्रीमंत राष्ट्र हवं होतं. तुझंही होतंच की श्रीमंत."

धाकट्याचा अंगठा पडद्यावर तसाच थांबला. पलीकडे दवाखान्यात डॉक्टरीणबाई कोणाला तरी चूळ भरायला सांगत होत्या. त्याने तो शब्द खोडला.

"पुढे?"

"पुढे खरं कारण लिही," ताई म्हणाली आणि दिवा पेटवला.