शंभर टक्क्यांचा फ्लेक्स

बीडच्या वेशीवरल्या आमच्या सरकारी हायस्कूलच्या फाटकावर दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स अजून आहे. दसरा झाला, फोटोंचे रंग उडाले, तरी हेडमास्तर तो काढू देत नाहीत.

आज सकाळच्या सुट्टीत एक अनोळखी बाई चपला बाजूला काढून त्याच्यासमोर उभी होती. डोक्यावर पदर, मनगटावर कोयत्याचे जुने वण. एकेका फोटोवर बोट धरून ती मोजायची आणि शेवटाला पोचली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

"कुणाला शोधताय, मावशी?"

"आमच्या वस्तीवरल्या तीन पोरी हितंच शिकत व्हत्या, सर. त्या यात न्हाईत."

मी घड्याळाकडे बघितलं. कच्च्या मुलांना आम्ही नववीनंतर दाखला देऊन टाकतो आणि बाहेरून परीक्षेला बसायला सांगतो. मग ती नापास झाली तरी शाळेच्या निकालात येत नाहीत. त्या तिघींच्या पालकांना समजावायला मीच गेलो होतो.

"उद्या आमची टोळी उसाला निघती," ती म्हणाली. "पोरगी नववीत हाय. बहिणीकडं ठिवून चालले. रातची झोप न्हाई बघा. गुढीपाडव्याला आमी माघारी येऊ. तवर तिला तुमच्या शंभरात धरा."

तिनं पोरीचं नाव सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी मान डोलावली. यंदाच्या कच्च्यांच्या यादीत ते नाव मी आज पहिल्या तासालाच लिहिलं होतं.