रूळ नसलेल्या वाटेविरुद्ध माझी सही

मिशिगनमध्ये ट्रॉयच्या जवळ आम्ही राहायला गेलो, त्या पहिल्याच उन्हाळ्यात एका पिकअप ट्रकमधून माझ्या अंगावर कोल्ड्रिंकचा मोठा ग्लास येऊन आदळला. बर्फासकट. मी सायकलवर होते. ट्रकमधली पोरं खिडकीतून काहीतरी ओरडली, हसली आणि निघून गेली. ते चिकट पाणी केसांतून मानेवर, मानेवरून पाठीत उतरलं. घरी येऊन मी दोनदा डोकं धुतलं, तरी तो गोडसर वास दिवसभर नाकातून जाईना.

माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेला. नोकरी करायची परवानगी नव्हती आणि गाडी चालवायची मला तेव्हा भीती वाटायची. सांगलीत शाळा-कॉलेज सगळं सायकलवर केलेलं, म्हणून एका घराबाहेर विकायला मांडलेल्या जुन्या सामानातून मी एक सायकल घेतली. पण तिथल्या रस्त्यांना फुटपाथच नव्हते. कडेने जावं तर गाड्यांखाली मेलेले रॅकून, मांजराहून थोडे मोठे, केसाळ प्राणी, पोट फुगून पडलेले, त्यांच्यावर माश्या. गुंडाळून फेकलेले डायपर. तंबाखूच्या थुंकीने अर्ध्या भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या. बंगल्यांपुढची हिरवळ मात्र कात्रीने कापल्यासारखी. एवढी स्वच्छ माणसं रस्त्यावर आली की अशी का होतात, मला कळायचं नाही.

२००४ साली नवऱ्याला कंपनीने तीन आठवड्यांसाठी फ्रान्सला पाठवलं आणि मीही बरोबर गेले. बर्गंडीतलं एक छोटं गाव. तो सकाळी कारखान्यात जायचा आणि मी एकटी. हॉटेलच्या मालकीणबाईंनी आपली सायकल मला दिली आणि हाताने खूण करून सांगितलं, चर्चच्या मागून जा.

चर्चच्या मागे पूर्वी रेल्वे होती. रूळ काढून तिथे गुळगुळीत रस्ता केला होता, फक्त सायकलींसाठी आणि चालणाऱ्यांसाठी. गाडी आत शिरू नये म्हणून तोंडाशी आडवे लाकडी दांडे लावलेले. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे, मध्येच पांढऱ्या गाई, आणि दर चार-पाच मैलांवर एक जुनं, लहानसं स्टेशन. एका स्टेशनात कॉफी मिळायची. पिशवीत पाव घालून सत्तरीच्या बायका माझ्या पुढे निघून जायच्या. पहिले तीन दिवस मी दर मिनिटाला मागे वळून बघत होते, गाडी येते का म्हणून. चौथ्या दिवशी लक्षात आलं, सकाळपासून आपण एकदाही मागे पाहिलेलं नाही. त्या दिवशी मी तीस मैल गेले आणि संध्याकाळी नवऱ्याशी इतकं बोलले, की तो म्हणाला, "बापरे, तुला वर्षभरात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं."

परत आलो आणि तोच रस्ता, तेच रॅकून.

आमच्या वसाहतीच्या मागेही एक बंद पडलेली रेल्वेलाइन होती. रूळ केव्हाच काढून नेलेले, आता झुडपं आणि फेकून दिलेल्या गाद्या. दुसऱ्या वर्षी कळलं की तिथे सायकलींची वाट करायचा विचार चालला आहे. ही बातमी मला आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहणाऱ्या बाईंनी दिली. शाळेतून रिटायर झालेल्या, उंच, गुडघे दुखणाऱ्या अमेरिकन बाई. त्यांनीच त्या वाटेसाठी नगरपालिकेकडे अर्ज केला होता. मी फ्रान्सचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "इथे कुणीच अशी वाट बघितलेली नाही. नगरपालिकेच्या सभेत तू बोलशील का?" मी लगेच हो म्हणाले. मला कुणी काही करायला सांगून दोन वर्षं झाली होती.

सभेच्या आधीच्या रविवारी काकांकडे सत्यनारायण होता. काका म्हणजे नवऱ्याचे साहेब. मूळचे पुण्याचे, तीस वर्षं अमेरिकेत, आमच्याच वसाहतीत सगळ्यात मोठं घर. आमच्या ग्रीन कार्डाची फाइल त्यांच्या सहीने पुढे जायची, म्हणून ऑफिसात 'सर' आणि घरी 'काका'. प्रसादाचा शिरा वाटून झाल्यावर त्यांनी एक क्लिपबोर्ड फिरवायला सुरुवात केली.

"सगळ्यांनी सह्या करा. ती सायकलची वाट होता कामा नये," काका म्हणाले. "आत्ता मागे झाडी आहे, आपण सेफ आहोत. एकदा वाट झाली की डेट्रॉइटकडचे लोक थेट आपल्या बॅकयार्डमध्ये. आज सायकल घेऊन येतील, उद्या टीव्ही घेऊन जातील."

"सायकलवरून टीव्ही कसा नेणार, काका?" मी म्हटलं.

दोघं-तिघं हसले. काका हसले नाहीत.

"तू अजून नवीन आहेस गं. ते लोक कसे असतात, तुला माहीत नाही."

हेच काका दर पार्टीत एक किस्सा सांगायचे: पेट्रोल भरताना एका गोऱ्याने त्यांना 'आपल्या देशात परत जा' म्हटलं, ते कसं मनाला लागलं. सांगताना त्यांचा आवाज खरंच भरून यायचा. तेच तोंड आता शिऱ्याचा घास चावत डेट्रॉइटच्या काळ्या माणसांना 'ते लोक' म्हणत होतं. हातातला शिरा मी तसाच खाली ठेवला.

क्लिपबोर्ड नवऱ्याकडे आला. त्याने सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं. माझ्याकडे बघितलं नाही. काकू मागून म्हणाल्या, "अगं, कर की, एका सहीने काय होतंय!" काका बघत होते.

मी सही केली. बोटांना तूप होतं, कागदावर डाग पडला.

घरी येताना नवऱ्याला म्हटलं, "मी सभेत त्या वाटेच्या बाजूने बोलणार आहे." तो थांबला. "मग सही का केलीस?" मी पुढे चालू लागले. शेजारच्या बाईंना मी सहीचं काही सांगितलं नाही. एवढ्या सह्यांत कोण बघतंय, असं स्वतःला समजावलं.

सभेला मी बाईंच्याच गाडीतून गेले. हॉल भरला होता. एक गृहस्थ म्हणाले, वाटेवर कचरा होईल, आणि त्या जागेवर आपण स्वतः फेकलेल्या गाद्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एक बाई म्हणाली, "आमच्या मुलांना सायकल चालवायला घरापुढचा ड्राइव्हवे आहे." काका उठले आणि सुंदर इंग्रजीत 'आपल्या कम्युनिटीचं कॅरेक्टर' यावर बोलले. टाळ्या पडल्या. पिकअपमधून ग्लास फेकणारी पोरं याच घरांमधली असणार, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

माझी पाळी आली. मी नाव आणि पत्ता सांगितला आणि बोलले. स्टेशनातली कॉफी, पाव नेणाऱ्या बायका, मागे वळून न बघता गेलेला तो दिवस. हॉल शांत झाला होता. बाई माझ्याकडे बघून हसत होत्या.

टेबलामागे बसलेला नगरपालिकेचा एक माणूस कागद चाळत होता. तो म्हणाला, "मॅडम, या विरोधाच्या अर्जावर तुमच्या पत्त्याच्या दोन सह्या आहेत. यातली एक तुमची का?"

"हो."

"मग तुम्ही बाजूने आहात की विरोधात?"

हॉलमध्ये हशा पिकला. मी "बाजूने" म्हणाले, पण इतक्या हळू, की त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणाले. खाली बसले तेव्हा काका आपल्या बुटांकडे बघत होते. बाई समोर बघत होत्या.

वाट नामंजूर झाली. माझ्यामुळे नाही, विरोधच तेवढा होता. पण ते मला त्या रात्री पटलं नाही.

घरी जाताना बाईंनी रेडिओ लावला नाही. आमच्या दारापाशी गाडी थांबवून म्हणाल्या, "तू मला नाही म्हणू शकली असतीस. मला वाईट वाटलं नसतं." मी "आय अॅम सॉरी" म्हणाले. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे," आणि मी उतरायची वाट बघत राहिल्या.

नवरा म्हणाला, "एक तर सही करायची नाही, नाहीतर तोंड उघडायचं नाही." त्याच्यावर खूप चिडले, कारण तो बरोबर बोलत होता.

सगळ्यात शिसारी आणणारी गोष्ट नंतर कळली. काकांनी काहीच केलं नाही. फाइल आपल्या गतीने पुढे गेली. दिवाळीला त्यांनी माझ्या पाठीवर थोपटून सगळ्यांना सांगितलं, "ही आमची सायकलवाली! काय भाषण ठोकलं हिने!" मनापासून सांगितलं. म्हणजे घाबरायचं काही कारणच नव्हतं. कुणी धमकी दिली नव्हती. न मागितलेली लाचारी मी आपणहून देऊन बसले होते. काकांची किळस येणं सोपं होतं. स्वतःची आली की ती कुठे धुऊन काढायची, कळत नाही.

बाईंकडे मी नंतर दोनदा गेले. त्यांनी चहा दिला, हवापाण्याच्या गोष्टी केल्या. पुढच्या वर्षी घर विकून त्या मुलीकडे गेल्या. रेल्वेच्या जागेवर वसाहतीने उंच कुंपण घातलं.

ग्रीन कार्ड आलं तेव्हा काकांनी आमच्यासाठी जेवण ठेवलं. मी नवऱ्याला सांगितलं, मी येणार नाही.

"काय सांगू त्यांना?"

"सांग, की त्या घरात मला जेवण जात नाही."

तो एकटाच गेला. मला ताप आहे, असं त्याने तिथे सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी माझ्यासाठी डब्यातून मऊ भात आणि मेतकूट पाठवलं. मी ते खाल्लं.