जाळ्यातल्या दोन मोकळ्या जागा

तलावात जाळं ओढताना माझ्या डाव्या हाताला गावातलाच एक गडी असतो. बोलायच्या आधी घसा खाकरणार आणि वाक्य अर्धंच सोडणार. त्याचा थोरला मुलगा इस्रायलात बांधकामावर आहे, धाकटा हंगेरीत कारखान्यात.

गावची बरीच पोरं या दोन देशांत गेली. सुखात कोण, यावर चहाच्या टपरीवर रोज वाद. मी चौथीच शिकलो, पण मला डोळे आहेत. मी ठासून सांगितलं, "इस्रायलवाले! त्यायच्या घरावर स्लॅब चढला. हंगेरीवाल्यायच्या छपरावर अजून कवेलूच हायेत."

तो खाकरला. "मोठा म्हन्ते, भोंगा वाजला का तळघरात पळा लागते. लहाना म्हन्ते, इथी शांत हाय, पन बोलाले कोणी नाई. आता सांगा भाऊ, कोणता..."

मी माझं मत बदललं नाही.

यंदा उन्हाळ्यात जाळं ओढायला उतरलो. रांगेत प्रत्येक गड्याची जागा ठरलेली असते. परदेशी गेलेल्यांच्या जागी बाकीचे सरकून उभे राहिले. यानं मात्र त्याच्या-माझ्यामधल्या दोन जागा कोणाला दिल्या नाहीत.

"काऊन अडवून राह्यला बे? मासोळ्या पळते ना!" पलीकडून एक जण ओरडला.

"माह्या पोरायच्या जागा हायेत," तो म्हणाला. हे वाक्य त्यानं पुरतं केलं.

मधे जाळं झोळलं, त्यावरून रोहू उड्या मारून जाऊ लागले. मी सरकावं म्हणून सगळे माझ्याकडे पाहत होते. मी पाय चिखलात आणखी रोवले.