बाईच्या नावावरचं घर

वकिलाची नोटीस आली तेव्हा मी दौंडच्या भाड्याच्या खोलीत गवार मोडत बसले होते. पोस्टमनला सही दिली, पाकीट फोडलं, वाचलं आणि उरलेली गवार मोडून भाजी टाकली. मीठ घातलं का नाही ते आठवेना, म्हणून परत घातलं. सख्ख्या धाकट्या भावानं मला कोर्टात खेचायची तयारी केली होती आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. लोक म्हणतात, पायाखालची जमीन सरकली, डोळ्यांपुढं अंधारी आली. माझं तसलं काही झालं नाही. भाजी खारट झाली, एवढंच.

नोटिशीचा अर्थ सरळ होता. शिरूरचं दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर असलं तरी पैसे आबांचे, म्हणजे आमच्या वारलेल्या वडिलांचे. माझं नाव आपलं सरकारी सूट मिळावी म्हणून, नावापुरतं. आबांनी घर घेतलं ते मुलासाठी, तेव्हा मी ते भावाच्या नावावर करून द्यावं.

पैशाचं खरं होतं. आबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, निवृत्त झाल्यावर जे हातात आलं ते सगळं त्यांनी त्या घरात घातलं. मी एक पैसा दिला नव्हता. द्यायला होता कुठं? नवऱ्याचं घर सोडून मी नुकतीच दौंडला एका शाळेत क्लार्क म्हणून लागले होते. आणि सूट, तेही खरं होतं. बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात थोडी सूट मिळायची. आमचे आबा म्हणजे कंडक्टरकडं राहिलेल्या सुट्ट्या पैशांसाठी स्टँडवर उतरून थांबणारा माणूस. ते सूट सोडतील होय?

रजिस्ट्रीच्या दिवशी आबा, आई आणि मी, तिघं शिरूरच्या कचेरीत बसलो होतो. आई साक्षीदार होती. आबांनीच तिला कधीकाळी सही शिकवलेली. जिभेचं टोक ओठावर ठेवून तिनं ती काढली, यंत्रावर बोट टेकवलं, कॅमेऱ्याकडं पाहताना पदर नीट केला. नंतर आबांनी आम्हाला रसवंतीत नेलं. तिथं ते मला म्हणाले, "झालं बाई तुझ्या नावाचं. आता तुला कुणी भायेर काढत न्हाई."

म्हणाले का? नोटीस आल्यापासून मी ते वाक्य मनात इतकं उगाळलं होतं की ते आबांचं आहे का माझं, हे मलाच सांगता येईना. शिरूरला मी लावलेल्या वकिलांना तसं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, पैसा कुणाचा हे ठरलंय. आता प्रश्न एकच. घर घेताना वडिलांच्या मनात काय होतं? नुसती सूट घ्यायची होती, की घर तुम्हाला द्यायचं होतं?"

आता आबांच्या मनातलं मी काय सांगू! जेवायला काय करू विचारलं तर "कर काहीतरी" म्हणणारा माणूस. मी म्हटलं, रसवंतीतल्या बोलण्याची मला खात्री नाही.

"मग खात्री ठेवा," वकील म्हणाले.

तिकडं दौंडच्या घरमालकानं दिवाळीच्या आत खोली रिकामी करायला सांगितलं होतं, त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. म्हणजे एकदा सही दिली की मला डोकं टेकायला जागा नव्हती. हे सगळं मला समजत होतं, पण दुसऱ्या कुणाचं तरी ऐकावं तसं. शाळेत पोरांचे दाखले लिहीत होते, डबा खात होते, हसायच्या जागी हसत होते.

एका रविवारी एसटी धरून शिरूरला गेले. भाऊ बायकापोरांसह आणि आई, सगळे त्याच घरात राहत होते. दारावर भावाच्या नावाची पाटी. भाऊ रात्रपाळी करून आलेला, कंपनीचा शर्ट अजून अंगात. तो काही वाईट नाही, हे आधीच सांगते. आबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांची कूस बदलण्यापासून सगळं त्यानं केलं. ते मला नाकारता येत नाही, त्याचाच जास्त राग येतो.

"ताई, उगं ताणू नको," तो म्हणाला. "आबांनी सूट मिळती म्हणून तुझं नाव घातलं. तुलाबी म्हाईतीय."

"मी राहू कुठं?"

"मी काय तुला वाऱ्यावर सोडीन व्हय? कवाबी ये. पण घर माझ्या नावावर पायजे. लेकरं हायेत मला."

मला लेकरं नाहीत, हे त्यात आलंच. एरवी मी फाडकन बोलले असते. त्या दिवशी नुसता कंटाळा आला, हाडापर्यंत कंटाळा. म्हटलं, घ्या बाबा एकदाचं. "सही कुठं करायची ते सांग," मी म्हणाले.

आई आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. पिठाचे हात तसेच धरून ती दारात आली.

"सूट बाईला व्हती ना?" तिनं भावाला विचारलं.

"व्हय."

"मंग मी काय बाई नव्हते?"

भावानं माझ्याकडं पाहिलं.

"तिथंच बसले व्हते मी. सही केली, बोट टेकवलं, फोटू काढला. माझं नाव घातलं आस्तं तर सूट मिळाली नसती का?"

"आई, तसं न्हाई..."

"मंग कसं? सूट सूट काय लावलंय? त्यांना हिलाच द्यायचं व्हतं. मी त्यांच्या ध्यानातबी आले न्हाई."

भाऊ उठला आणि बाहेर मोटरसायकलवर जाऊन बसला. चालू केली नाही, नुसता बसला. त्यानंतर त्यानं सहीचं नाव काढलेलं नाही. वकिलांना मी सांगितलं तर ते खूश झाले, म्हणाले हे आधीच का नाही सुचलं? सुचलं नाही. भावाला नाही, मला नाही, त्यांनाही नाही. केसचं पुढं काय व्हायचं ते होवो, पण त्या दिवशी आईच्या बोलण्यानं घर मला मिळालं, हे कळत होतं. कितीतरी महिन्यांनी मला काहीतरी वाटलं. आनंद नव्हता तो. आईकडं मला बघवेना.

दिवाळीआधी मी सामान घेऊन शिरूरला आले. आता रोज दौंडला जाऊन येऊन करते. त्याच दोन खोल्यांत आम्ही सगळे राहतो, दारावर पाटी अजून भावाचीच आहे, आणि मी ती काढणार नाही.

मध्यंतरी एकदा आई चुलीपुढं एकटी सापडली. मी म्हटलं, "आई, घरावर तुझं नाव घालू? मी देते करून. खरंच."

"आता नगं."

"का गं?"

"तू इचारून काय उपेग," तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "त्यांनी इचारायचं व्हतं."